वाढता वाढता मरणारं तण

गव्हात तणनाशक फवारून एक दिवस झाला की बांधावरून न बघता वाफ्यात उतरावं आणि चाकवताच्या एखाद्या रोपापाशी उकिडवं बसावं. काल ताठ असलेला शेंडा एका अंगाला कललेला असतो. देठ दोरीसारखे पिळलेले असतात आणि पानाच्या कडा उचलून पानाची वाटी झालेली असते. रंग मात्र हिरवागार. करपल्याची, डाग पडल्याची एकही खूण नाही. पहिल्यांदाच हे औषध वापरणाऱ्याला वाटतं, लागूच पडलं नाही. मग तो दुकानदाराशी वाद घालतो, किंवा चौथ्या दिवशी पुन्हा पंप पाठीवर घेतो. हा दुसरा हात पिकालाच भोवतो.

गावात ज्याला ‘टूफोरडी’ म्हणतात त्या २,४-डी या तणनाशकाची ही गोष्ट. शास्त्रीय नाव डायक्लोरोफेनॉक्सी ॲसिटिक आम्ल. कार्बनच्या सहा कोनी कड्यावर दुसऱ्या आणि चौथ्या जागी क्लोरीनचे दोन अणू बसलेत, म्हणून २ आणि ४. जगात ऐंशी वर्षांपासून गहू, ज्वारी, मका, भात आणि ऊस या पिकांत ते फवारलं जातंय. आपल्याकडे त्याचा वापर खूप आणि त्याच्याबद्दलची समज मात्र थोडी. ‘हे जाळणारं विष आहे’ असं धरून वापरलं, की चुका सुरू होतात. ते जाळत नाही, वाढवतं. तण वाढता वाढता मरतं. एवढी एक गोष्ट पक्की कळली, तर ते कधी फवारायचं, किती फवारायचं आणि कुठे हातही लावायचा नाही, हे बहुतेक आपोआप कळत जातं.

झाडाची वाढ एका संप्रेरकाच्या इशाऱ्यावर चालते. त्याचा माग काढणाऱ्यांत पहिलं ठळक नाव चार्ल्स डार्विनचं. त्याने आणि त्याच्या मुलाने एका गवताचे कोवळे कोंब खिडकीपाशी ठेवून पाहिले. कोंब उजेडाकडे वळायचे. टोकावर टोपी घातली की वळायचे नाहीत. म्हणजे उजेड कळतो टोकाला आणि वळतं मात्र खालचं अंग. टोकाकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे, असं त्यांनी १८८० साली लिहून ठेवलं. पुढे १९२६ मध्ये फ्रिट्स वेंट या डच संशोधकाने ओटच्या कोंबांची टोकं कापून आगरच्या चकतीवर ठेवली, आणि ती चकती दुसऱ्या, टोक छाटलेल्या कोंबावर एका बाजूला बसवली. कोंब वाकला. निरोप चकतीत उतरला होता. या निरोपाला ऑक्झिन हे नाव मिळालं.

ऑक्झिन झाडात फार थोडं असतं, आणि झाड त्यावर करडी नजर ठेवतं. गरजेपुरतं बनवायचं, काम झालं की मोडून टाकायचं किंवा बांधून बाजूला ठेवायचं. प्रयोगशाळेत त्याच्यासारखी द्रव्यं तयार होऊ लागली, तेव्हा हेतू चांगला होता. कलमांना मुळं फुटावीत, फळगळ थांबावी. पण मात्रा वाढली की काही झाडं वेडीवाकडी होऊन मरतात, असं दिसलं. इंग्लंडमध्ये १९४० च्या सुमारास ओटच्या पिकात अशाच एका द्रव्याने रानमोहरी मेली आणि ओट तसाच उभा राहिला. महायुद्ध सुरू असल्याने इंग्लंड आणि अमेरिका, दोन्हीकडचं बरंच काम गुप्त ठेवलं गेलं. युद्ध संपतासंपता, १९४४-४५ मध्ये २,४-डी उघड झालं आणि लगेच बाजारातही आलं. तोवरची तणनाशकं, मग ती आम्लं असोत की क्षार, बहुतेक समोर येईल ते जाळायची. उभ्या पिकावर फवारा आणि त्यातलं निवडक तण मारा, ही गोष्ट शेतीत बरीचशी नवी होती.

आता पानावर पडलेल्या थेंबाच्या मागोमाग जाऊ. औषध पानाच्या मेणचट सालीतून आत शिरतं. जिथे साखर जाते त्याच नळ्यांतून, साखरेच्याच प्रवाहाबरोबर ते वाहत जातं. साखर जाते वाढत्या भागांकडे, म्हणजे शेंडा, कोवळी पानं आणि मुळांची टोकं यांच्याकडे. औषधही तिथेच पोहोचतं. म्हणून तण जोमात असलं पाहिजे. पाण्याविना मान टाकलेल्या तणात साखरेची वाहतूकच मंदावते आणि औषध पानातच अडकतं. तण सुकत आलंय, आता थोड्या औषधात मरेल, हा हिशेब इथे उलटा पडतो. जमिनीत ओल हवी, वाफसा हवा, तण कोवळं आणि वाढतं हवं.

पेशीत शिरल्यावर खरा खेळ सुरू होतो. वाढीच्या जनुकांवर एरवी काही प्रथिनं पहारा देत बसलेली असतात. ती तिथे आहेत तोवर जनुकं गप्प. ऑक्झिन आलं की ते टीआयआर-१ नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाच्या खाचेत बसतं आणि त्या खाचेला डिंकासारखा चिकटपणा येतो. पहारेकरी तिथे चिकटतो आणि पेशी त्याला मोडीत काढते. पहारा उठला, वाढ सुरू. ऑक्झिनचा ग्राहक हाच, हे २००५ साली सिद्ध झालं, म्हणजे औषध बाजारात येऊन साठ वर्षं झाल्यावर. २,४-डी त्याच खाचेत बसतं. फरक इतकाच, की झाडाला आपलं ऑक्झिन मोडता येतं, हे मोडता येत नाही. काम संपलं तरी निरोप सुरूच राहतो.

मग सगळीकडून एकदम वाढ. देठाची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त वाढली की देठ पिळतो. सुरुवातीला दिसलेली मान मोडलेली चाकवत ही त्याचीच पहिली खूण, आणि ती काही तासांत दिसू लागते. पेशी इथिलीन आणि दुसरी ताणाची संप्रेरकं भरमसाट बनवतात. खोड जाड होतं, ठिसूळ होतं, तडकतं. नको तिथे पेशी फुटत गेल्याने अन्नवाहक नळ्या चेंगरतात. मुळांना साखर मिळेनाशी होते, ती कुजू लागतात. रोप पिवळं, मग तपकिरी होत जातं, आणि एक ते तीन आठवड्यांत मरतं. थंडी जास्त असली की त्याहून उशीर. ज्याला हे माहीत आहे तो चौथ्या दिवशी पंप उचलत नाही. मान पिळलेली दिसली, की काम झालं असं समजून तो घरी जातो.

गहू का वाचतो, याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. त्याचं पान अरुंद आणि उभं, बराचसा थेंब घरंगळून जातो. वाढीचा कोंब पानांच्या आवरणात खोल दडलेला, तर चाकवताचा अगदी टोकाला उघड्यावर. गव्हाच्या नळ्या खोडात विखुरलेल्या, चाकवताच्या कड्यासारख्या ओळीत. कड्याच्या बाजूने पेशी फुटत सुटल्या की सगळ्या नळ्या एकत्र चेंगरतात, विखुरलेल्या वाचतात. पण माझ्या मते सगळ्यात मोठं कारण आत आहे. गहू २,४-डीच्या कड्यावर ऑक्सिजन बसवतो, त्याला साखरेची गाठ मारतो आणि पेशीच्या अडगळीत टाकून देतो. ही गाठ सहसा सुटत नाही. बरीच रुंद पानाची झाडंही गाठ मारतात, पण ती ॲमिनो आम्लाची असते. ती सुटते आणि औषध पुन्हा मोकळं होतं.

म्हणून गहू सहन करतो. त्याला काहीच होत नाही, असं मात्र नाही, आणि इथेच वेळेचा प्रश्न येतो. पेरणीनंतर साधारण ३० ते ३५ दिवसांत गहू फुटव्यात असतो. तेव्हा फवारलं तर तो निभावून नेतो. त्याच्या आधी, तीन-चार पानांवर असताना, खोडाच्या तळाशी कोंबात ओंबीची घडण सुरू होत असते. तेव्हा खोटा निरोप पोहोचला, तर ओंबी वाकडी येते किंवा पानं कांद्याच्या पातीसारखी गुंडाळलेली निघतात. उशीर करून कांडी धरल्यावर, पोटरीत असताना फवारलं, तर परागकण बिघडून दाणे भरत नाहीत. मक्यात आणि ज्वारीत आणखी एक धोका. फवारल्यानंतर काही दिवस ताट ठिसूळ होतं, आणि तेवढ्यात जोराचा वारा आला किंवा कोळपं घातलं, तर ताटं काडकन मोडतात. खिडकी अशी अरुंद आहे. ती चुकली असेल, तर त्या हंगामात हे औषध सोडून द्यावं आणि खुरपं घ्यावं, असं मी उघडपणे सांगतो.

बाटल्यांचे प्रकार मुख्यतः तीन. सोडियम सॉल्ट ही पावडर, ८० टक्के. अमाइन सॉल्ट हे पाण्यात मिसळणारं द्रावण, ५८ टक्के. इथाईल एस्टर हे तेलकट, पाण्यात घातलं की दुधासारखं होणारं, ३८ टक्के. एस्टर मेणचट सालीतून लवकर आत जातं, तासाभराने पाऊस आला तरी बिघडत नाही. सॉल्टला सहा तास तरी कोरडे मिळावेत. पण एस्टर उडतं. फवारणी संपल्यावरही उन्हात त्याची वाफ पानावरून उठते आणि वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात जाते.

शेजारच्या रानात कपाशी असेल, तर तिचं काय होतं, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. कपाशीइतकं या औषधाला हळवं पीक क्वचितच असेल. ऊस, मका, ज्वारी किंवा बांधावरचं गाजरगवत यांवर मारलेल्या फवाऱ्याचा नुसता वास लागावा, तर कपाशीची नवी पानं भेंडीच्या पानांसारखी फाटून, बोटांसारखी लांब होऊन येतात. शिरा एकमेकींजवळ सरकतात, पात्या गळतात. टोमॅटो आणि द्राक्षही तितकीच नाजूक. बऱ्याचदा याला व्हायरस समजून त्यावर आणखी महागडी औषधं मारली जातात, आणि त्या पैशांचा काहीच उपयोग होत नाही. ओळखण्याची एक खूण आहे. व्हायरस रानात इकडेतिकडे ठिपक्याठिपक्यांनी दिसतो. तणनाशकाचा वारा लागला असेल, तर बांधालगत जास्त आणि आत जावं तसं कमी, असा उतार दिसतो, आणि सगळ्या रोपांवर एकाच वयाची पानं बिघडलेली असतात.

आमच्या घरी हे वाऱ्यानेही झालं नाही. पंपाने झालं. गव्हात वापरलेला पंप दोनदा पाण्याने खळबळून ठेवला होता. पंधरा दिवसांनी त्याच पंपाने टोमॅटोवर मावा-तुडतुड्याचं औषध मारलं. आठव्या दिवशी शेंड्याची पानं बुटाच्या नाडीसारखी झाली. अर्धा एकर टोमॅटो होता, निम्म्याहून जास्त फळ वेडंवाकडं आलं. रबरी नळी आणि वॉशर यांत औषध मुरून बसतं, नुसत्या पाण्याने निघत नाही. धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरून रात्रभर ठेवायचं, नळी आणि नोझलमधूनही ते सोडायचं, मग स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवायचं. तरीही मन खात असेल, तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा. त्या वर्षीपासून आमच्याकडे एका पंपाला लाल रंगाचा पट्टा मारलेला आहे, आणि तो पंप दुसऱ्या कशालाही लावत नाहीत.

मात्रेचा घोळ ‘एका पंपाला किती?’ या प्रश्नापासून सुरू होतो. लेबल सांगतं ते एकराला किंवा हेक्टरला, आणि पंपाचं पाणी किती रानाला पुरतं, हे चालणाऱ्याच्या पावलावर आणि नोझलवर ठरतं. हिशेब करून बघू. हेक्टरी अर्धा किलो क्रियाशील घटक द्यायचा आणि औषध ५८ टक्क्यांचं, तर हेक्टरी सुमारे ८६० मिली, म्हणजे एकरी साधारण ३५० मिली. एका गुंठ्याला पावणेनऊ मिली. आता ३३ फूट बाय ३३ फूट जागा आखायची, तो झाला एक गुंठा. पंपात मोजून साधं पाणी भरायचं, रोजच्या चालीने तो गुंठा फवारायचा आणि किती पाणी गेलं ते पाहायचं. पाच लिटर गेलं, तर १५ लिटरच्या पंपात तीन गुंठे होतात आणि पंपाला सुमारे २६ मिली लागतात. चार लिटरच गेलं, तर पंपात पावणेचार गुंठे, आणि पंपाला सुमारे ३३ मिली. चालणारा भराभर जातो आणि पंपाला मात्र २६ मिलीच टाकतो, तर एकराला २८० मिलीसुद्धा पडत नाहीत. तण अर्धमेलं होतं आणि पुन्हा उठतं. हे आकडे पद्धत कळावी म्हणून दिलेत. आपल्या पिकाची मात्रा बाटलीवरच्या लेबलवरूनच घ्यावी. नोझल पंख्यासारखा चपटा फवारा देणारं असावं. पाणी क्षाराचं नसावं. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम सॉल्टच्या प्रकारांना बांधून ठेवतो. दव सुकल्यावर, वारा पडलेला असताना काम उरकावं.

आपल्या शेतीची एक गोष्ट या औषधाशी जुळत नाही, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. आपलं रान क्वचितच एका पिकाचं असतं. ज्वारीत तुरीचे पाटे, रब्बी ज्वारीत करडईच्या ओळी, गव्हाच्या कडेने मोहरी, मक्याच्या ओळींत उडीद-मूग. २,४-डीला तूर आणि चाकवत यांतला फरक कळत नाही, दोन्ही रुंद पानाचीच. मिश्र पिकाच्या रानात त्याला जागाच नाही. तीच गोष्ट रानभाजीची. निंदणाऱ्या बाया कमरेच्या ओच्यात घेऊन जातात ती चाकवत, तांदुळजा, घोळ, पाथरी ही सारी या औषधाच्या यादीतली ‘तणं’च. फवारलेल्या रानातली भाजी खुडू नये, आणि हे निंदायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगून ठेवावं. जनावरांनाही ते तण चारू नये. मरणाऱ्या तणात साखर वाढते, एरवी तोंड न लावलेलं विषारी तणसुद्धा जनावर मग आवडीने खातं.

ज्वारीतल्या टारफुल्याबद्दल वेगळं सांगायला हवं. ज्वारीची मुळं जमिनीतल्या उपकारक बुरशीला साद घालण्यासाठी एक द्रव्य सोडतात. टारफुल्याचं धुळीएवढं बी त्याच वासाने जागं होतं आणि मुळाला चिकटून तिचं अन्न ओढू लागतं. रोप वर दिसतं तोवर बहुतेक नुकसान जमिनीखाली होऊन गेलेलं असतं. २,४-डीने दिसणारा टारफुला मरतो, पण त्याने यंदाची ज्वारी भरून येईल अशी आशा धरू नये. फायदा पुढचा आहे. एक झाड हजारो बिया टाकतं, त्या जमिनीत दहा वर्षंसुद्धा जिवंत राहतात. फुलावर यायच्या आत त्याला मारलं, तर तेवढ्या बिया रानात पडत नाहीत.

जमिनीत हे औषध फार काळ राहत नाही. उबदार, ओल्या मातीत त्यातलं अर्धं साधारण दहा दिवसांत मोडतं. काही जिवाणू त्याच्यावरच जगतात, ते खाऊन त्यातला कार्बन वापरतात. कोरड्या मातीत जिवाणू निजलेले असतात, तिथे वेळ लागतो.

माणसाच्या जिवाचं काय, हा प्रश्न प्रत्येक सभेत निघतो, आणि तो निघालाच पाहिजे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने जंगलं उजाड करायला फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’मध्ये निम्मं २,४-डी होतं. तिथला भयंकर डायॉक्सिन मात्र दुसऱ्या अर्ध्यातून, २,४,५-टी या भावंडातून आला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये २,४-डीला ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात ठेवलं. पुरावा अपुरा पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या केंद्र सरकारने २०२० मध्ये २७ कीडनाशकांवर बंदीचा मसुदा काढला, त्यात याचंही नाव होतं. आज, उद्या लागणारी इजा मात्र अगदी ठरलेली आहे. अमाइन सॉल्टचा थेंब डोळ्यात गेला तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. औषध मोजताना चष्मा आणि हातमोजे हवेतच, पायांत बूट हवेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशकं फवारताना माणसं दगावली. औषधं वेगळी होती, पण उघडं अंग, गळका पंप आणि अंगावर येणारा वारा हे आजही रोज दिसतं.

शेवटची गोष्ट डार्विनकडे परत नेते. त्याने प्रयोगासाठी घेतलेलं गवत होतं फॅलॅरिस प्रजातीतलं. त्याच प्रजातीतलं एक गवत, फॅलॅरिस मायनर, पंजाब-हरियाणात ‘गुल्ली डंडा’ म्हणून ओळखलं जातं. २,४-डी त्याला काहीच करत नाही, गव्हाला करत नाही त्याच कारणांनी. रुंद पानाची तणं मागे हटत गेली, बुटक्या गव्हाला भरपूर पाणी आणि खत मिळू लागलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे गवत माजलं. त्यासाठी आयसोप्रोट्युरॉन हे दुसरं तणनाशक आलं. वर्षानुवर्षं तेच एक मारल्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यालाही न जुमानणारं गुल्ली डंडा हरियाणात उभं राहिलं, आणि पुढे काही शेतांत शेतकऱ्यांनी गहू तसाच कापून चारा केला. २,४-डीला न जुमानणारी तणं तर १९५७ सालीच हवाईच्या उसात आणि कॅनडात नोंदली गेली होती.

आपल्याकडे गव्हात फवारणीनंतर तिसऱ्या आठवड्यात एक फेरी मारावी. चाकवत, चांदवेल वाळलेली असेल. हिरवं जे उरलं असेल ते बहुतेक गवत असतं, गव्हाच्या ओळीत गव्हासारखंच दिसणारं. ते नीट ओळखून घ्यावं, आणि ओंबी बाहेर पडायच्या आत ते मुळासकट उपटून बांधापलीकडे न्यावं.